पुढे न सरकणारी गाडी आणि गुहागर रस्त्यावरचे एक गॅरेज

24 दिवस पुण्यात राहून आम्ही ऑगस्टच्या अखेरीस चिपळूणला परतलो, तेव्हा अंगणातली गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, पण जागची हलेना. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन घुसमटल्यासारखे होई आणि बंद पडे. रिव्हर्समध्ये मात्र ती दोन-तीन इंच मागे सरकून थांबली. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर पुढचे काही न विचारताच क्लच प्लेट गेली असणार, गाडी टोचन करून आणा आणि नऊ हजारांच्या आसपास खर्च धरा, असे सांगण्यात आले. त्यानंतर शेजाऱ्यांनी गुहागर रस्त्यावरच्या ज्या छोट्या गॅरेजचा नंबर दिला, त्याच्या कामाविषयी हे लिहीत आहे.

गॅरेजच्या मिस्त्रींनी घरी येण्याआधी फोनवरच दोन प्रश्न विचारले. पहिला असा : "काका, क्लच सोडल्यावर इंजिन रेस होतं की दबतं?" इंजिनाचा आवाज नुसता चढत गेला आणि गाडी जागीच राहिली, तर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही असे समजायचे, म्हणजे क्लच प्लेट घसरते आहे किंवा ॲक्सल निसटला आहे, उलट इंजिन दबून बंद पडत असेल, तर ताकद चाकांपर्यंत नीट जाते आहे आणि चाकाला कोणीतरी धरून ठेवले आहे. दुसरा प्रश्न न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिली का, हा होता. मी आणि शेजाऱ्यांचा मुलगा अशा दोघांनी जोर लावला, तरी गाडी तसूभर हलली नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन आणि चाके यांचा संबंधच तुटलेला असतो, त्यामुळे तेवढ्यावरच क्लचचा विषय संपला. टोचन करू नका, असेही त्यांनी बजावले, कारण पुढची चाके उचलून गाडी ओढली असती तर मागचे जाम झालेले चाक सात किलोमीटर रस्त्यावर घासत गेले असते आणि टायरचा एक भाग सपाट झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एका हाताखालच्या मुलाला आणि जॅकला घेऊन स्कूटरवरून आले. मागच्या चाकांना दगड लावून त्यांनी पुढची चाके एकेक करून उचलली आणि हाताने फिरवून पाहिली. दोन्ही मोकळी फिरली. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून मागे जॅक लावला, तेव्हा उजवे चाक किंचित घासत का होईना फिरले, डावे मात्र हलायलाच तयार नव्हते. मला वाटले, आता ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे, ठोकायला घेतील. पण त्यांनी आधी हँडब्रेकच्या दांड्याखालचा नट सैल करून केबल ढिली केली आणि चाक पुन्हा फिरवून पाहिले. ते सुटले असते तर दोष गंजून अडकलेल्या केबलचा ठरला असता. मग त्याच चाकाचा ब्रेक ऑइल बाहेर काढायचा निपल थोडा उघडला; ऑइल जोराने उडाले असते आणि चाक मोकळे झाले असते, तर पाइपात किंवा पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये दाब अडकून राहिल्याचे कळले असते. ऑइल नुसते ठिबकले आणि चाक होते तसेच राहिले, तेव्हा कुठे त्यांनी चाक उतरवले. मला या गॅरेजचे मोल वाटते ते या अर्ध्या तासासाठी.

ड्रमवर चहूबाजूंनी बेताने हातोडी मारून झाल्यावर त्यांनी ड्रमच्या तोंडावरच्या आटे पाडलेल्या दोन छिद्रांत आठ एमएमचे बोल्ट घातले आणि अर्धा आटा इकडे, अर्धा आटा तिकडे असे पिळत नेले. शेवटी ड्रम 'टक्' करून सुटला. आतला प्रकार पाहण्यासारखा होता : ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या एका ब्रेक शूचे लायनर, म्हणजे त्यावरचा घासणारा थर, शूपासून सुटून ड्रमलाच चिकटून बसले होते आणि मिस्त्रींच्या हातात आली ती नुसती लोखंडी कमान. पावसाळी ओलीत हँडब्रेक ओढून गाडी तीन आठवडे उभी ठेवली, तर लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये गंज धरतो, त्यामुळे दोष सर्वस्वी माझाच. जुलै 2021च्या महापुरानंतर चिखलाने भरलेले ड्रम महिनाभर उघडून हात बसला, असे ते हसत म्हणाले; चिपळूणकराला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

शू दोन्ही बाजूंचे बदलले, ड्रम पॉलिश पेपरने घासले आणि निपल उघडला होता म्हणून मुलाला पेडल मारायला बसवून ब्रेकमधली हवाही काढली. शूचा संच 1,450, मजुरी 800 आणि घरी येण्याचे 200, असे एकूण 2,450 रुपये झाले. जुने शू न मागता माझ्यासमोर ठेवले.

काही गोष्टी खटकल्या. त्या मुलाने ड्रममधली धूळ तोंडाने फुंकून उडवली. ब्रेकची धूळ छातीत जाऊ नये, ती ओल्या फडक्याने पुसावी, हे मिस्त्रींना ठाऊक असायला हवे. मी सांगितल्यावर फडके आले, पण तोवर अर्धी धूळ माझ्याच अंगावर होती. पक्के बिल मागावे लागले, ते दोन दिवसांनी मिळाले आणि त्यात शूच्या कंपनीचे नाव नव्हते. ट्रायलसाठी गाडी जेमतेम एक किलोमीटर नेली; घाटात उतरणाऱ्या गाडीसाठी ते मला अपुरे वाटले, म्हणून कुंभार्ली घाटात जाण्याआधी मी स्वतः दोन दिवस गावात चालवून ड्रम तापत नाहीत याची खात्री करून घेतली.

गॅरेजवर बसायला जागा नाही आणि दुपारी एकनंतर फोन उचलला जात नाही, म्हणून सकाळी साडेनऊच्या आत गाठावे. इंजिन दबते की रेस होते, हे मात्र आधी स्वतः पाहून ठेवावे, कारण पहिला प्रश्न तोच येतो.