भाच्याचा पहिला सुरा: आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्या घरी पणजोबांचा एक सुरा आहे. ते होळकरांच्या शिकारखान्यात होते, म्हणजे आमच्या इंदूरजवळच्या राळामंडळच्या टेकडीवर जे शिकारगाह आजही उभं आहे तिथे त्यांचं येणं-जाणं असायचं. दर खंडेनवमीला तो सुरा म्यानातून निघतो, हळदकुंकू लागतं, परत आत. भाच्याने हे तीन-चार वर्षं बघितलं आणि बारावं लागल्यावर हट्टच धरला, मामा मला पण शिकारीचा सुरा पाहिजे. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे हे त्यालाही माहितेय, पण चोरल नदीला मासे धरायला जातो, जानापावचा डोंगर, पातालपाणीचा धबधबा फिरतो, तेव्हा कमरेला काहीतरी लटकलेलं हवं, बस. ताई म्हणाली सोळाचा होऊ दे. मी म्हटलं अगं तुझ्या किचनमधली सुरी तो रोज न विचारता उचलतोय, त्यापेक्षा नीट शिकू दे ना.

पहिली चूक माझीच. ऑनलाइन एक सिनेमातल्यासारखा घेतला, पाठीवर करवत, मुठीच्या बुडाला होकायंत्र, पोकळ मुठीत काड्या नि गळ. पोरगं खूश, खरं सांगायचं तर मी पण खूश. तिसऱ्याच ट्रिपला वाळका बांबू छिलताना पातं मुठीत डुगडुगायला लागलं. घरी येऊन खोललं तर आत पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, बोटाच्या एका पेराएवढी, तीही नुसती नटाने आवळलेली. जोर लावताना हे निसटलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी ताईसमोर मोठ्याने केला नाही. आणि ती करवत! तिने लाकूड तर कापत नाहीच, वर पाठीवर अंगठा ठेवून दाब द्यायची जागा पण खाऊन टाकते.

मग न्यूझीलंडच्या मावसभावाला फोन केला. तिथे हरणं बाहेरून आणून सोडलेली आहेत, परमिट काढून शिकार करता येते, तो दरवर्षी जातो. मला वाटलं तो आठ-दहा इंची काहीतरी सांगेल. तो म्हणाला अरे वेडा आहेस का, अख्खं हरीण साफ करायला साडेतीन-चार इंच पातं भरपूर होतं, लांब पात्याचं टोक आत कुठे चाललंय ते दिसत नाही, आतडं फुटलं की मांस नासलं. टोक सुईसारखं नको, पाठ हळूहळू खाली उतरत येणारी हवी. मूठ रक्ताने, चरबीने ओली झाल्यावर पण धरता आली पाहिजे, आणि पुढे बोट अडायला उंचवटा पाहिजेच पाहिजे. फोल्डिंग नको म्हणाला, सांध्यात घाण जाते आणि पोरांच्या बोटावर मिटतो. (फ्रान्सच्या ओपिनेलचा गोल टोकाचा खास मुलांसाठीचा नंबर ७ फोल्डिंग चाकू मिळतो, त्याला फिरवून लॉक करायची कडी असते, सात-आठ वर्षांच्या पोराला मी तोच घेतला असता.)

शेवटी स्वीडनचा मोरा कंपॅनियन घेतला, स्टेनलेसवाला. पातं साधारण १०.४ सेंटीमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, वजन म्यान धरून सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर. दिसायला अगदी प्लंबरच्या थैलीतला वाटतो, भाच्याचं तोंड पडलं होतं. मुद्दाम नारिंगी मूठ घेतली, कारण चोरलच्या काठावर वाळल्या पानात हिरवी मूठ ठेवली की गेली समजा. भाचा डावखुरा आहे, आणि याची मूठ दोन्ही हातांना सारखी बसते, हे मी घेताना बघितलं पण नव्हतं, नशीब.

आठ महिन्यांत सगळ्यात जास्त वापर माशांवर झाला. पहिला रोहू त्याने स्वतः साफ केला तेव्हा मी शेजारी नुसता बसलो होतो. पात्याच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढले, मग पोटाला टोक लावलं आणि जरा खोल घातलं. हिरवट पाणी आलं, मला कळलं पित्त फुटलं, पण बोललो नाही. घरी रस्सा इतका कडू झाला की ताईने पातेलं तसंच मोरीत ओतलं. पुढच्या वेळेपासून गडी धार वरच्या बाजूला ठेवून, दोन बोटं आत घालून, बोटांच्या मधून कातडं तेवढं कापत जातो. मावसभाऊ म्हणतो हरणाला पण हेच करतात.

धारेबद्दल थोडं जास्त लिहितो कारण लोक इथेच घाण करतात. गल्लीत सायकलवर चाक फिरवणारा धारवाला येतो त्याला अजिबात देऊ नका. ठिणग्या उडतात, धार तापते, पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि मग ती धार टिकतच नाही. मोराच्या पात्याचा धारेकडे जाणारा उतार रुंद आणि सपाट असल्याने तो दगडावर आपोआप टेकतो, कोन धरायची कसरत नाही, पोराला दहा मिनिटांत जमलं. शीतलामाता बाजाराकडून आणलेला साधा दोन बाजूंचा दगड, पाणी मारायचं, दोन्हीकडून सारखे हात. सुरा बोथट झाला की भाचा जास्त जोर लावतो आणि तेव्हाच हात सटकतो. जुलैमध्ये अंगठा कापला तो असाच, एक टाका पडला, त्यानंतर ट्रिपच्या आदल्या रात्री दगड काढायचा हा नियमच झाला. दुसरा नियम, हात लांब करून गोल फिरायचं, त्या गोलात कुणी असेल तर सुरा म्यानात.

पणजोबांचा सुरा कार्बनचा आहे, त्याने मी एकदा कैरी कापली तर पातं काळंनिळं पडलं, आणि तो चामड्याच्या म्यानात पावसाळाभर राहिला की गंज येतोच, चामडं ओल धरून ठेवतं. म्हणून पोराला स्टेनलेस आणि प्लास्टिकचं म्यान. धुवून, पुसून, खट्ट आवाज आला की बसला. लाकडावर सुरा ठेवून वरून दुसऱ्या लाकडाने ठोकायचं काम मात्र याच्याकडून करून घेऊ नका, पात्याची शेपटी मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, सरपण फोडायला कुऱ्हाडच न्या.

अजून एक, आपल्या एमपीत सहा इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं सार्वजनिक ठिकाणी घेऊन फिरलं तर आर्म्स ॲक्टची केस होऊ शकते. हा चार इंची आहे तरी कमरेला लावून शहरात राजवाड्याच्या चौकात फिरायचं नाही, बॅगेत तळाला, जागेवर पोचल्यावरच बाहेर. यावरून भाच्याशी दोनदा वाजलंय.

आता ताईलाच तो सुरा आवडायला लागलाय, मटणाचे तुकडे करायला बिनदिक्कत घेते. परवा गाजर हलव्याला गाजरं पण त्यानेच चिरायला बसली, तर पातं पाचरीसारखं आत शिरून गाजर चिरायच्या ऐवजी फाटकन दोन तुकडे, एक थेट फ्रिजखाली. भाचा एवढा हसला की शेवटी त्यालाच किसणी धरून बसवलं.