अल्बमचं कव्हर काढलं आणि ३७,२०० रुपये गेले

आकडा आधीच सांगते: ३७,२०० रुपये. शिवाय सव्वीस दिवसांची मेहनत, तिची पावती कुठेच फाडता येत नाही. आणि कोणी मला नवखी समजू नये. अकरा वर्षं पॅकेजिंगची कामं करते आहे, छापखान्यात मशीनपाशी उभं राहून रंग जुळवून घेतले आहेत. तरीही फसले, म्हणूनच लिहिते आहे.

एका रॉक बँडचा मॅनेजर म्हणून त्या माणसाचा मेल आला. बँड खरा आहे, त्यांची गाणी मी ऐकते. काम होतं डबल एलपीचं, म्हणजे दोन तबकड्यांच्या रेकॉर्डचं, पुस्तकासारखं उघडणारं गेटफोल्ड जॅकेट, आतली दोन पाकिटं, चारही बाजूंची लेबलं आणि सीडीची पुस्तिका. मानधन ८५,०००. त्याच संध्याकाळी १०,००० ॲडव्हान्स खात्यात जमा. साइड ए ते डी अशी गाण्यांची यादी, कोण काय वाजवतं, सगळं व्यवस्थित आलं. त्याने हेही लिहिलं होतं की रोलिंग स्टोन्सचा जीभ-ओठांचा लोगो १९७० मध्ये जॉन पाश या विद्यार्थ्याने काढला तेव्हा त्याला ५० पौंड मिळाले होते, आम्ही कलाकाराला असं स्वस्तात राबवत नाही. ती गोष्ट खरी आहे. म्हणूनच मला तो आपल्यातला वाटला.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ‘आमचा ठरलेला प्रिंटर’ आला. प्रूफचा, म्हणजे छपाईआधीच्या नमुना प्रतीचा, खर्च डिझायनरने भरायचा, शेवटच्या बिलात लावायचा. २०,००० अधिक जीएसटी, म्हणजे २३,६००. मी भरले. असे खर्च आधी स्वतः करून मग बिलात लावणं आमच्या कामात नेहमीचं आहे, त्यात मला वावगं दिसलं नाही. पण प्रिंटर क्लायंटने सुचवलेला असेल तर त्याचे पैसे क्लायंटनेच थेट द्यायचे. एक रुपयासुद्धा आपल्या खात्यातून जाता कामा नये.

आता जे खरं जिव्हारी लागलंय ते.

मुखपृष्ठावर मी एक कावळा काढला होता, विजेच्या तारेवर बसलेला. त्याच्या शेपटीचं टोक मुद्दाम ब्लीडमध्ये नेलं होतं. ब्लीड म्हणजे कडेची जास्तीची ३ मिलिमीटर पट्टी, छापल्यावर कापून टाकायची. शेपूट कडेला तुटली की कावळा चौकटीबाहेर निघाल्यासारखा दिसतो, तेवढ्यासाठी तो खटाटोप. चौथ्या दिवशी ‘छापलेल्या प्रूफ’चा फोटो आला. टेबलावर जॅकेट, शेजारी चहाचा कप. आणि कावळ्याची शेपूट अख्खी! टोकासकट!

कापलेल्या जॅकेटवर ते टोक दिसूच शकत नाही. ते फक्त माझ्या फाइलमध्ये होतं. म्हणजे काहीच छापलेलं नव्हतं, माझीच फाइल एका फोटोवर चिकटवली होती. कण्यावर, म्हणजे जॅकेटच्या घडीच्या अरुंद कडेवर, कागदाला घडी पडल्याची खूण नव्हती, अक्षरं सरळ सपाट. मी फोटो मोठा करून पाहिला. शेपूट दिसली. आणि मी काय लिहिलं? ‘कटिंग थोडं आत घ्यायला सांगा.’ पंधरा सेकंद थांबले असते तर तिथेच संपलं असतं. पण आपलं काम छापून आलेलं पाहायची इतकी घाई झाली होती की डोळ्यांनी पाहिलेलं मनाने नाकारलं.

‘कटिंग दुरुस्ती आणि दुसरं प्रूफ’ म्हणून १४,७५०. मग ‘पेमेंट मोकळं करण्यासाठी’ ८,८५०. एकूण ४७,२००, त्यातले १०,००० त्यांचेच. त्यानंतर फोन बंद. बँडच्या अधिकृत पत्त्यावर लिहिलं तर दोन ओळींचं उत्तर आलं: आमचं आर्टवर्क कधीच तयार झालंय, या माणसाला आम्ही ओळखत नाही. हा एक मेल मला पहिल्या दिवशी करता आला असता. तुम्ही करा.

पोलिस ठाण्यात दोन तास बसवून ठेवलं. मग प्रश्न, “पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?” हो. “मग हा दिवाणी वाद झाला.” खोट्या नावाने, खोटा फोटो दाखवून पैसे उकळणं हा दिवाणी वाद कसा? शेपटीचं समजावू लागले तर ते साहेब मोबाइल बघत होते. फाइल पेनड्राइव्हवर नेली होती, म्हणाले प्रिंट आणा. प्रिंट नेले, तर ते साहेब रजेवर, आणि नवीन साहेबांना पहिल्यापासून सांगा. बँकेने सात दिवसांत तक्रार बंद केली, कारण ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केला आहे’. अहो, फसवून मंजूर करून घेतला हीच तर तक्रार आहे! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी सहाव्या दिवशी फोन केला, तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. शरमेने ते पाच दिवस घालवले. शरम नंतर वाटू द्या, फोन पहिल्या तासात करा.

आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत छपाईच्या दर्जाची फाइल कोणालाही देऊ नका. लहान आकाराची, वर नाव छापलेली प्रत पुरते. माझ्या सगळ्या लेयरसकट फाइल्स त्यांच्याकडे आहेत.

ऑनलाइन तक्रारीपुढे अजून ‘प्रक्रियाधीन’ लिहिलेलं दिसतं. तो नंबर मात्र परवा पुन्हा सुरू झाला. फोटो बदललाय, आता दुसऱ्याच एका बँडचा लोगो आहे.