घरी भरवलेली पोकर स्पर्धा आणि आयोजकाचे २४० पौंड

पतीच्या पन्नाशीनिमित्त २०२५च्या नोव्हेंबरात आम्ही इंग्लंडमधील रेडिंग येथे, आमच्या राहत्या घरी, अठरा जणांची पोकर स्पर्धा भरवली. दोन टेबले, पैशांऐवजी खेळात मांडायच्या चिप्स, ब्लाइंड (पाने पाहण्याआधी लावायची सक्तीची पैज) वाढण्याची वेळ दाखवणारा पडदा आणि पाने वाटणारे दोन डीलर हे सारे पुरवणाऱ्या एका स्थानिक व्यवसायाची सेवा त्यासाठी घेतली. नवरा-बायको मिळून चालवतात असा हा छोटा व्यवसाय आहे; पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्याने त्याचे नाव येथे देत नाही. पोकरच्या निमित्ताने आपल्या मंडळींत हमखास निघणारा प्रश्न असा की आयोजकाने नेमके किती घ्यावे आणि कोणाकडून घ्यावे. या अनुभवापुरते तरी त्याचे उत्तर मला मिळाले आहे.

आधी त्याच्या आदल्या वर्षीचे सांगते, कारण तुलना त्याच्याशीच आहे. एका स्नेह्यांच्या घरी सोळा जण जमलो होतो आणि ओळखीतून आलेल्या एका गृहस्थाने आयोजन अंगावर घेतले होते. ‘यजमानांना काहीच खर्च नाही, मी फक्त जमलेल्या रकमेतून दहा टक्के घेतो’, हे त्याचे बोलणे त्या वेळी सर्वांनाच सोयीचे वाटले. खेळात बसण्याचे, म्हणजे बक्षिसांच्या रकमेत जाणारे, प्रत्येकी वीस पौंड याप्रमाणे ३२० पौंड जमले. पहिल्या तासात बाद झालेल्यांनी पुन्हा पैसे भरून खेळात यावे यासाठी हा गृहस्थ खुर्चीमागे उभा राहून इतक्या अगत्याने आग्रह करीत होता की लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याची आठवण व्हावी. या री-बायची मुदत त्याने सहाव्या लेव्हलपर्यंत (ब्लाइंड वाढण्याच्या सहाव्या टप्प्यापर्यंत), म्हणजे तब्बल दोन तास, उघडी ठेवली. अकरा री-बाय झाले, एकूण रक्कम ५४० पौंडांवर गेली आणि त्याचे ५४ पौंड झाले. शिवाय प्रत्येक री-बायमागे दोन पौंड ‘चिप्स मोजण्याचे’ म्हणून वेगळे घेतले होते, ते २२. या ७६ पौंडांत आम्हांला मिळाले काय, तर चिप्सची एक पेटी आणि एका टेबलावर स्वतः तो. दुसऱ्या टेबलावर पत्ते आम्हीच पिसत होतो.

रक्कम मोठी नव्हती, हे खरे. पण ज्याची कमाई डावातल्या पैशांवर अवलंबून आहे, त्याला डाव फुगावा असेच वाटणार, आणि स्पर्धेचे नियमही तोच ठरवीत असेल तर री-बायची मुदत दोन तासांची होणार, यात नवल नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट मला नंतर कळली. ब्रिटनच्या २००५च्या जुगार कायद्यानुसार घरगुती, खासगी खेळाला परवाना लागत नाही, परंतु खेळण्याबद्दल कोणाकडूनही कोणत्याही नावाने शुल्क घ्यायचे नाही ही त्याची अट आहे. लावलेल्या किंवा जिंकलेल्या पैशांतून काही कापून घेणे हेही शुल्कच धरले जाते आणि दारात घेतलेले प्रवेशमूल्यही त्यातच मोडते. ‘ऐच्छिक देणगी’ असे लिहिलेला डबा ठेवला आणि न देणाऱ्याकडे सगळे टक लावून पाहू लागले, तर ती देणगी ऐच्छिक राहत नाही, इतका बारीक विचार तेथील जुगार आयोगाच्या मार्गदर्शनात केलेला आहे. म्हणजे आदल्या वर्षीचे ते दहा टक्के, कितीही कमी असले, तरी खासगी खेळात बसतच नव्हते.

या वर्षीच्या व्यवसायाने मन जिंकले ते येथेच. चौकशीसाठी फोन केला तेव्हा मालकाने पाहुणे किती, जागा किती हे विचारल्यावर लगेच तिसरा प्रश्न केला, की आमचे पैसे तुम्ही पाहुण्यांकडून गोळा करणार आहात का? तसे असेल तर आम्ही येत नाही, असे त्याने सौम्य पण स्पष्ट शब्दांत सांगितले. केटररला जसे यजमान पैसे देतो तसेच आम्हांलाही यजमानानेच द्यायचे, आणि टेबलावर आलेला प्रत्येक पौंड खेळणाऱ्यांकडेच परत गेला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. गिऱ्हाईक हातचे जाण्याची शक्यता असताना हे आधी विचारणारा माणूस मला विश्वासाचा वाटला. आमच्यातल्या एकाने ‘तुमच्यावर एवढा भार कशाला, प्रत्येकी दहा-बारा पौंड काढू’ असे मनापासून सुचवले होते. त्याला नाही म्हणणे त्यामुळे मला सोपे गेले.

दरपत्रक एका पानाचे होते. दोन टेबले, चिप्स व पडदा यांचे मिळून ९० पौंड, डीलरचे तासाला १५ पौंड, दोघांचे पाच तासांचे १५०, एकूण २४०. प्रवासखर्च त्यातच धरलेला. दुपारी चार वाजता मालक व्हॅन घेऊन आला आणि आमची बैठकीची खोली व जेवणाची खोली यांमधले दार काढून ठेवण्यापासून त्याने सुरुवात केली. टेबले जड, पाय घडीचे, वरचे कापड स्वच्छ. फक्त एका टेबलाची कडेची गादी एका कोपऱ्यात उसवलेली होती आणि तेथे बसलेल्या पाहुण्याची बोटे रात्रभर त्या दोऱ्याशी खेळत होती. चिप्स मातीच्या घडणीच्या वाटाव्यात इतक्या वजनदार होत्या. प्रत्येकाला दहा हजार गुणांच्या चिप्स, सुरुवातीचे ब्लाइंड २५ आणि ५०, दर लेव्हल वीस मिनिटांची, जेवणानंतर पंधरा मिनिटांची. री-बाय माणशी एकच, तोही पहिल्या चार लेव्हलपर्यंतच, हे मालकाने सुचवले आणि आम्ही मान्य केले. री-बाय करा म्हणून कोणीही कोणाला सांगितले नाही. पाच जणांनी आपणहून केला. प्रत्येकी वीस पौंडांप्रमाणे एकूण ४६० पौंड झाले, ते आम्हा दोघांसमोर मोजून लिफाफ्यात घातले आणि पडद्यावर तीन बक्षिसांचे आकडे झळकले: २३०, १३८ आणि ९२. बेरीज करून पाहण्याची सवय असल्याने मी ती केली. पूर्ण ४६० भरले.

दोघा डीलरपैकी एक मालक स्वतः होता; दुसरी मुलगी विशेष कसबी होती. एका डावात टेबलावरच्या तिघा खेळाडूंचे ऑल-इन झाले, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला लागल्या, त्या असमान होत्या, आणि मुख्य पॉट (सर्वांच्या पैजेची रास) व बाजूचा पॉट (जास्त चिप्सवाल्यांची वेगळी रास) यांवरून आमच्याकडे नेहमी जो कालवा होतो तो सुरू होण्याच्या आतच तिने कमी चिप्सवाल्याची रास मोजून, तेवढीच प्रत्येकाकडून ओढून, उरलेली वेगळी मांडून दाखवली. विजेत्याने शेवटी वीस पौंडांची नोट तिच्यापुढे सरकवली, तेव्हा तिने ती टेबलावर घेतली नाही. बक्षिसे वाटून झाल्यावर, द्यायचीच असेल तर निघताना द्या, असे म्हणाली. त्याने दारात दिली.

आता तक्रारी. हीच कसबी मुलगी पंचवीस मिनिटे उशिरा आली. पाचला सुरू व्हायचा खेळ पाच पंचविसाला सुरू झाला आणि दहाऐवजी साडेदहाला संपला. दुसऱ्या दिवशीच्या बिलात अर्ध्या तासाच्या जादा वेळेचे ३० पौंड लावलेले होते. दोघा डीलरचा अर्ध्या तासाचा नेहमीचा दर १५ होतो, म्हणजे ही आकारणी दुप्पट दराने होती. कराराच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत तसे लिहिलेले आहे हे मला तेव्हा दिसले, आणि ते न वाचण्याची चूक माझीच. परंतु उशीर त्यांचा आणि जादा वेळेचे पैसे आमचे, हा हिशेब कोणत्याही पद्धतीने बसत नाही. पहिल्या ईमेलला ‘करारात आहे’ एवढेच उत्तर आले. दुसऱ्या ईमेलमध्ये मी वेळा लिहून पाठवल्या तेव्हा ती रक्कम वगळली गेली. स्पर्धा रद्द झाल्यास अर्धी अनामत परत मिळणार नाही, ही अटही मला जड वाटली. पंधरा दिवस आधी कळवले तरी तीच अट लागू आहे.

मग २४० पौंड वाजवी आहेत का? नुसते बक्षिसाच्या रकमेशी ताडून पाहिले तर ते वेडेपणाचे वाटतात: ४६० पौंडांच्या खेळासाठी २४० पौंडांचे आयोजन. अठरा जणांत भागले तर माणशी १३ पौंड ३३ पेन्स, म्हणजे प्रवेशाच्या वीस पौंडांच्या दोन तृतीयांश. पण ही तुलनाच चुकीची आहे असे आता मला वाटते, कारण खेळ वीस पौंडांचा असो की दोनशेचा, टेबल तेवढेच जड असते आणि पाने तेवढ्याच वेळा वाटावी लागतात. कामाशी ताडून पाहावे. २०२५ साली येथे एकवीस वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होते, त्या मानाने कसबी डीलरचे १५ पौंड काही फार नाहीत. मालक चारपासून अकरापर्यंत, सात तास, आमच्याकडे होता. त्याचे डीलर म्हणून ७५ आणि सामानाचे ९० मिळून १६५ झाले, त्यातून व्हॅन, पेट्रोल आणि झिजणाऱ्या चिप्स. ज्यांना एवढा खर्च वाढदिवसाचा खर्च म्हणून करायचा नसेल त्यांनी चिप्स विकत घ्याव्यात आणि पत्ते आपले आपण पिसावेत. त्यातही गंमत आहे.

घराबाहेर खेळायचे तर गणित आणखी वेगळे होते. ब्रिटनमधील पबमध्ये पोकरला प्रत्येकाची पैज एका खेळाला पाच पौंडांपर्यंत, पबची दिवसभराची मिळून शंभरापर्यंत, आणि खेळण्याचे शुल्क अजिबात नाही. सदस्यांच्या क्लबला परवान्याशिवाय माणशी दिवसाला एक पौंड घेता येतो. केवळ ब्रिज किंवा व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळांचाच दिवस असेल तर मात्र १८ पौंडांपर्यंत घेता येतात. ब्रिज खेळणाऱ्यांच्या सभ्यतेवर कायद्याचा एवढा विश्वास पाहून माझ्या पतीला जरा वाईट वाटले. धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी स्पर्धा असेल तर खेळाडूकडून दिवसाला सर्व मिळून आठ पौंडांहून अधिक घेता येत नाहीत आणि बक्षिसे एकूण ६०० पौंडांच्या आत ठेवावी लागतात.

पुण्याहून आलेले माझे धाकटे दीर त्या रात्री आठव्या क्रमांकावर बाद झाले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. ‘वहिनी, यांची नाल किती?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. पत्त्यांच्या क्लबात चालक डावामागे जे कापून घेतो त्याला आपल्याकडे नाल म्हणतात. नाल नाही, असे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा अजूनही लागू आहे, आणि जागेचा किंवा साधनांचा आकार घेऊन चालकाने नफा मिळवणे हा त्यातील जुगाराच्या अड्ड्याच्या व्याख्येचा गाभा आहे. तेव्हा माझा हा अनुभव वाचून कोणी कोथरूडमध्ये डीलर बोलावू नयेत. मात्र १९६०च्या दशकात सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. बिलियर्ड्‌स किंवा टेनिससाठी क्लब जसा आकार घेतो तसा पत्त्यांसाठी घेतला, आणि तो अवाच्या सवा नसला, तर तेवढ्यावरून क्लब नफा कमावतो असे म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने तेव्हा म्हटले होते. ते रमीबद्दल होते, पण सेवेचा आकार आणि डावातली नाल यांतील भेद त्यात नेमका पकडलेला आहे. दिरांना हे सांगेपर्यंत अंतिम टेबल सुरू झाले होते आणि त्यांचे लक्ष तिकडे गेले.

याच व्यवसायाला मी मार्चसाठी पुन्हा सांगितले आहे, या वेळी नऊ जण, एक टेबल, एक डीलर: सामानाचे ४५ आणि डीलरचे ७५ मिळून १२० पौंड. नव्या करारात जादा वेळेचा दर पहिल्या पानावर आला आहे, आणि आमच्या बाजूने उशीर झाला तरच तो लागू होईल असे त्याखाली लिहिले आहे. अनामतीची अट तशीच आहे. टेबलाची गादी शिवून घेतली का, हे विचारायचे राहिले.