कूपर्सटाऊनचं बेसबॉल म्युझियम: सगळं बघू नका, एकच खेळाडू धरा

आधी निकाल सांगून टाकतो. कूपर्सटाऊनचं नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम, पाचपैकी साडेचार, आणि तो अर्धा स्टार पण म्युझियमचा नाही कापला, रस्त्याचा कापलाय. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूने निघालात तर चार तास धरून चाला, शेवटी शेवटी दोन लेनचा वळणावळणाचा रस्ता, दोन्हीकडे शेतं आणि टेकड्या, मागे बसणाऱ्यांना गाडी लागत असेल तर आलेपाक जवळ ठेवा. ट्रेनबिन काही जात नाही. गाव एवढंसं, दोन हजारसुद्धा वस्ती नसेल, आणि त्यात हे एवढं मोठं प्रस्थ.

इकडे मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा नायगरा, वॉशिंग्टन वगैरे करून झालं की विचारतात आता काय बघायचं, आणि कूपर्सटाऊन म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "आम्हाला बेसबॉल कुठे कळतं". त्यांच्यासाठीच हे लिहितोय. नाही कळलं तरी चालतं, फक्त सगळं बघायचा हट्ट सोडा. आत हॉल ऑफ फेमसाठी निवडलेल्या साडेतीनशेच्या आसपास दिग्गजांच्या पाट्या आहेत, एकेक वाचत बसलात तर दहाव्या पाटीला जांभई येणार. त्यापेक्षा घरून निघतानाच एक माणूस ठरवा, त्याची गोष्ट गाडीत सांगून टाका आणि मग आत जाऊन त्याला शोधा.

आम्ही धरला होता टॉम ग्लॅव्हिन. कारण घरचंच. भाचा बेसबॉल पण खेळतो आणि हॉकी पण (बर्फावरची हो, ध्यानचंदवाली नाही), ताई पहाटे पाचला त्याला रिंकवर सोडून सोडून वैतागलीय आणि दोन्हीकडचे कोच म्हणतात आता एक काहीतरी निवडा. तर म्हटलं चल, ज्याने हे निवडून दाखवलं त्याच्याकडेच जाऊ.

गोष्ट अशी की हा पोरगा मॅसॅच्युसेट्समधल्या बिलरिका गावचा, शाळेत हॉकीत सेंटर खेळायचा आणि बेसबॉलमध्ये डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. इकडे ड्राफ्ट असतो, म्हणजे बोली वगैरे नाही, टीमा पाळीपाळीने नावं घेतात. १९८४ च्या जूनमध्ये या एकाच पोराचं नाव दोन्ही खेळांत घेतलं गेलं. बेसबॉलमध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने दुसऱ्या राऊंडला, एकूण ४७ वा. आणि हॉकीत लॉस एंजेलिस किंग्जने चौथ्या राऊंडला, ६९ वा. आता ६९ ऐकून भाचा म्हणाला, "एवढ्या खाली?" म्हटलं थांब, खाली अजून कोण होतं ते ऐक. ब्रेट हल ११७ वा. लुक रोबिताय १७१ वा, आणि तोही किंग्जनेच घेतलेला. पुढे हलने एनएचएलमध्ये (इथली हॉकीची मोठी लीग) ७४१ गोल मारले, रोबितायने ६६८, दोघंही टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसले. म्हणजे त्या दिवशी किंग्जच्या हिशोबाने हा पोरगा रोबितायच्याही आधी घ्यावा असा होता! त्याच ड्राफ्टात पहिला मारिओ लेम्यू आणि ५१ वा पॅट्रिक रॉय, हे पण तिथेच. एका हॉकी ड्राफ्टातून चार जण टोरांटोला गेले आणि पाचवा कूपर्सटाऊनला.

त्याने बेसबॉल का घेतलं यात फार गूढ काही नाही. डाव्या हाताचा चांगला पिचर सगळ्यांनाच हवा असतो आणि पिचर चाळिशीपर्यंत टिकू शकतो, हॉकीत गुडघे आणि दात दोन्हीची गॅरंटी नाही. (ताईने हे वाक्य गाडीत दोनदा रिपीट करायला लावलं.) पण निवडलं आणि लगेच सोनं झालं असंही नाही हां, १९८८ मध्ये (इथे मॅचची हारजीत पिचरच्या नावावर लिहितात) ७ जिंकल्या आणि १७ हरला, त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एकीत, सगळ्यात जास्त पराभव याच्या नावावर. त्याच वर्षी कोणी म्हटलं असतं की बाबा हॉकीच बरी होती, तर कोण काय बोलणार होतं. पुढे १९९१ मध्ये २० विजय आणि साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सगळ्यात भारी पिचरला मिळतं ते), १९९८ मध्ये परत एकदा, आणि २२ सीझन खेळून एकूण ३०५ विजय. तीनशेच्या वर गेलेले डावखुरे हाताच्या बोटांवर मोजता येतात.

आता पाट्यांचा हॉल. हा बघायला मात्र बेसबॉल कळायची काही गरज नाही. उंच छत, दगडी खांब, दोन्ही बाजूंना लाकडाच्या भिंती आणि त्यावर ब्राँझच्या सव्वा सव्वा फुटाच्या पाट्या, प्रत्येकावर चेहरा कोरलेला आणि खाली चार ओळी. लोक आपोआप हळू बोलायला लागतात. ज्या वर्षी निवड झाली त्या क्रमाने पाट्या लावल्यात त्यामुळे शोधणं सोपं, ग्लॅव्हिन २०१४ मध्ये. शेजारी त्याचाच टीममेट ग्रेग मॅडक्स आणि त्यांचा मॅनेजर बॉबी कॉक्स, तिघं एकाच वर्षी आत आले. इथे एक गंमत बघा, ग्लॅव्हिनच्या टोपीवर अटलांटाचा ए आहे पण मॅडक्सची टोपी कोरी. मॅडक्स शिकागो आणि अटलांटा दोन्हीकडे गाजला, एकाला दुखवायचं नाही म्हणून लोगोच नको म्हणाला. भाच्याला त्या कोऱ्या टोपीचं इतकं अप्रूप की बाकी हॉलमध्ये तो फक्त टोप्याच बघत फिरला.

तिथल्या बाकावर बसून मी बाबांना पिचिंग समजावलं. पिचर आणि बॅटर यांच्यात अंतर साडेसाठ फूट, आपल्या बावीस यार्डांच्या आसपासच. ग्लॅव्हिनकडे काही तुफान वेग नव्हता, ताशी नव्वद मैलांच्या अलीकडेच. पण आपल्या मॅकग्रासारखं, एकच जागा धरून दिवसभर टाकत राहायचं, प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या पाटीच्या, बाहेरच्या कोपऱ्यावर, आणि मधूनच चेंजअप, म्हणजे हात त्याच वेगाने फिरतो पण बॉल हळू येतो आणि बॅटरची बॅट आधीच फिरून गेलेली असते. बाबांना बॉल हातात धरून दाखवला तेव्हा कुठे डोक्यात शिरलं, म्हणून सांगतो, एक साधा बेसबॉल बॅगेत असू द्या. मग त्यांना २८ ऑक्टोबर १९९५ सांगितला. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे सीझनच्या फायनलची, सहावी मॅच, क्लीव्हलंड समोर, ग्लॅव्हिनने आठ इनिंगमध्ये फक्त एक हिट (बॅटरला बेसपर्यंत नेणारा फटका) दिला आणि अटलांटा १-० ने जिंकलं, तो एकमेव रन डेव्हिड जस्टिसच्या होमरनचा. आणि गंमत म्हणजे त्याच सीझनला घरच्याच मैदानावर याची हुर्यो उडवत होते लोक, कारण १९९४ च्या संपात हा खेळाडूंच्या युनियनचा पुढारी होता आणि त्या संपाने आधीच्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच बुडाली होती. बाबा गिरणी संपाच्या काळातले परळचे. त्यांचा पूर्ण म्युझियममधला सगळ्यात जास्त इंटरेस्ट इथे, बेसबॉल राहिलं बाजूला, मालक किती कमवत होते, संप किती चालला, मिटला कसा, हेच प्रश्न.

बाकी मजले आम्ही भरभर केले. जुने ग्लोव्ह, बॅटी, बेब रूथचं दालन, छान आहे सगळं पण वाचायला खूप. लहान मुलं असतील तर दोन-अडीच तास बास, खेळाचे शौकीन असाल तर दिवस कमी पडेल. तिकिटाचा आकडा वेबसाईटवर बघून जा.

बाहेर मेन स्ट्रीटवर ओळीने कार्डांची आणि बॅटींची दुकानं आहेत, तिथे जरा जपून. एका दुकानात ग्लॅव्हिनचं १९८८ चं टॉप्स कंपनीचं खेळाडूचा फोटो असलेलं कार्ड, ७७९ नंबरचं, जाड प्लास्टिकच्या डबीत घालून असं काही ऐटीत ठेवलं होतं आणि किंमत अशी लावली होती की वाटावं याचे दहाच पीस छापले असतील. अहो त्या काळात कार्डं रद्दीसारखी छापलीत, कोपरे शाबूत असलेलं साधं कार्ड ऑनलाईन चहाच्या पैशात मिळतं. भाच्याने तोंड पाडलं पण ताई ठाम राहिली. खायचं म्हणाल तर व्हेजवाल्यांची पंचाईत, आम्ही गेलो त्या ठिकाणी व्हेज म्हणजे फ्राईज आणि लेट्यूसची पानं, शेवटी गावाच्या टोकाला ऑटसिगो तळ्याकाठी बसून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं काढलं. तळं सुंदर आहे, सस्क्वेहाना नदी इथूनच निघते.

जुलैच्या शेवटी नवीन लोकांचा समारंभ असतो तो वीकेंड टाळा, गावात पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलांचे रेट विचारू नका. उन्हाळ्यात इतर दिवशी गाडी गावाबाहेरच्या लॉटमध्ये लावून ट्रॉली बसने आत या, मेन स्ट्रीटवर पार्किंग शोधत बसू नका. आणि हो, हॉकी की बेसबॉल ते अजून ठरलेलं नाहीये, पुढच्या उन्हाळ्यात टोरांटोचं हॉकीवालं पण बघू मग सांगतो म्हणाला भाचा.