पेन नाइफ की सर्जिकल पातं: एका मुखपृष्ठासाठी वापरल्यानंतर आठ महिन्यांनी

ऑगस्टअखेर, रात्री अकरा वाजता कागद कापताना पेन नाइफची (पेनासारख्या चाकूची) पातं धरणारी मान सैल झाली, पातं जागच्या जागी फिरलं आणि सुगरणीच्या खोप्याची नळी तुटून बाजूला पडली. गावच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ होतं ते. विहिरीवर झुकलेली बाभूळ, तिला लटकलेले सात खोपे, सगळं कागदाच्या पाच थरांत कापलेलं. चार संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. मला रडू आलं.

नाइफ ॲल्युमिनियमचा, आपल्या सगळ्यांकडे असतो तसाच. वजन चांगलं, धार चांगली. पण मान! दर दहा मिनिटांनी आवळायची. मी पकडीने आवळून पाहिली, स्क्रूच्या आट्यांवर टेप गुंडाळून पाहिली, नवं पातं घातलं. खोप्याचे काड्यांसारखे पट्टे जेमतेम एक मिलिमीटरचे, तिथे पातं केसभर हललं तरी पट्टा जातो. दुकानात परत घेऊन गेले तर "ताई, वापरलेलं परत घेत नाही." घेऊ नका, पण हातात धरून बघायचं तरी! पावणेतीनशे रुपये दिले होते मी.

दुसऱ्या दिवशी सर्जिकलच्या दुकानातून ३ नंबरचं स्टीलचं हँडल आणि ११ नंबरच्या पात्यांचा शंभराचा बॉक्स आणला. (पेन नाइफच्या पात्याचाही नंबर ११च असतो, पण एकाचं दुसऱ्यात बसत नाही.) इथे मान नाही, स्क्रू नाही. पातं खाचेत सरकवलं की टक् आवाज येतो आणि ते हलत नाही. एक पातं साडेतीन रुपयांना पडलं, पेन नाइफचं दहाला पडत होतं. त्यामुळे धार जरा उतरली की बदलते, पूर्वी बोथट पात्यानेच रेटत बसायचे.

महिनाभरात मात्र मत बदलावं लागलं. हे हँडल चपटं, बोटांत फिरत नाही. वळण घ्यायचं तर कागदच फिरवावा लागतो. तेव्हा लक्षात आलं की गोल पेन नाइफ मी प्रत्येक वळणावर बोटांत फिरवत होते, आणि त्यानेच मान सैल होत होती. जुना नाइफ काढला, कागद फिरवून कापलं, तर अर्धा तास टिकला. म्हणजे निम्मी चूक माझी. तरी तक्रार मागे घेत नाही. गोल दांडा दिलाय तर तो बोटांत फिरणारच, मानेने तेवढं सोसायला हवं.

सर्जिकल पात्याचेही त्रास आहेत. दांड्याची कड तर्जनीला रुतते, मी तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. पातं काढताना पकडच वापरा, बोटांनी अजिबात नको. पातं पातळ, त्यामुळे जाड कार्डशीटमध्ये टोक मोडतं. १६० जीएसएमपर्यंतच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदात मात्र लोण्यासारखं चालतं. कार्बन स्टीलचं असल्याने पावसाळ्यात उघडं राहिलेलं पातं आठवड्यात गंजलं, पाकिटातली अजून चकचकीत आहेत.

तुटलेली नळी मागून कागदाची चिंधी लावून जोडली. कापायचा क्रमही बदलला: आधी आतली बारीक भोकं, मग मोठी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी, नाहीतर कागद हातात लुळा पडतो. स्कॅन केल्यावर सावल्या सपाट झाल्या. म्हणून थरांमध्ये फोम टेप लावून, डावीकडून एकच दिवा ठेवून फोटो काढला. छापील अंकावर प्रत्येक खोप्याची सावली मागच्या थरावर पडलेली दिसते. तो जोड कुणाला दिसला नाही. मला मात्र अंक उघडण्याआधी तोच दिसतो.

बॉक्समध्ये ६१ पाती उरली आहेत, यंदाचं मुखपृष्ठ त्यांतच होईल. घेणार असाल तर हँडल ३ नंबरचंच मागा. ४ नंबरचं मोठं असतं, त्यात ११चं पातं बसत नाही.