वाचनालयात कोहा, व्हॉट्सॲप, रील वगैरे आठ महिने वापरून बघितलं, त्याचा अनुभव

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावातलं, सरकारी दर्जा ब वर्ग, पुस्तकं दाखल रजिस्टरप्रमाणे १४ हजारांच्या वर (प्रत्यक्षात किती ते मोजदाद करायला बसल्यावरच कळतं), आणि स्टाफ म्हणजे मी, एक शिपाई काका आणि संध्याकाळी देवघेवीला येणारी एक मुलगी. गेल्या जूनच्या मीटिंगमध्ये कार्यवाह म्हणाले, मॅडम आता सगळं ऑनलाइन करून टाका. ऑनलाइन म्हणजे नेमकं काय ते त्यांनाही माहीत नव्हतं नि मलाही, बजेट शून्य आहे हे मात्र दोघांनाही पक्कं माहीत होतं.

सुरुवात कोहापासून केली, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी ठेवायचं वाचनालयाचं सॉफ्टवेअर, कारण ते फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररी ट्रस्टचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की बंद पडणार होतं म्हणून त्यांनी हे बनवून घेतलं आणि सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं, कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. हे वाचून मला जरा आपलेपणा वाटला, म्हटलं तेही आपल्यासारखेच अडलेले लोक. भाच्याने ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबुंटू ही फुकट सिस्टीम टाकून कोहा बसवून दिलं, दोन रविवार आणि एक मटणाचं जेवण एवढ्यात काम झालं.

पुढचं मात्र कोणी सांगत नाही. इंग्रजी पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, टाकला की बहुतेक वेळा माहिती आपोआप येते, पण आमची निम्मी मराठी पुस्तकं आयएसबीएन यायच्या आधीची, त्यामुळे २४५ नंबरच्या रकान्यात नाव, १०० नंबरच्या रकान्यात लेखक असं एकेक हाताने भरायचं. आठ महिन्यांत ५,२०० झाली. त्यातल्या पहिल्या १,१०० नोंदी पुन्हा दुरुस्त कराव्या लागल्या, आणि ती का ते नीट सांगते कारण हाच खरा धडा आहे.

एक काकू ॲक्युप्रेशरचं पुस्तक मागायला आल्या, मी शोधलं, एकच सापडलं आणि ते बाहेर गेलेलं. काकू म्हणाल्या अहो ते काय समोर दिसतंय, बघते तर कपाटात अजून दोन! झालं असं की मी जुन्या सवयीने आधी अ मग वरचा अर्धचंद्र असं टाइप करते आणि आमची मुलगी मोबाईलसारखा ॲ एका बटणात टाइप करते. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे दिसतात, कॉम्प्युटरला ते वेगवेगळे. मग बघितलं तर सगळीकडे हाच गोंधळ, आद्याक्षरांत कुठे टिंब आहे कुठे नाही, कुठे मधे जागा सोडलीय, कुठे आडनाव आधी कुठे नंतर, एकाच लेखकाचे चार-चार लेखक झालेले. दोष सॉफ्टवेअरचा नाही, आम्ही दोघींनी आधी ठरवूनच घेतलं नव्हतं. आता भिंतीवर तक्ता लावलाय, कोणतं अक्षर कसं टाइप करायचं त्याचा. आणि मराठी शोध नीट चालायला इंडेक्सिंगला (शोधासाठी कॉम्प्युटर जी सूची बनवतो तिला) आयसीयू नावाचं सेटिंग लावावं लागतं, ते भाच्याला उशिरा कळलं, तुम्ही पहिल्याच दिवशी करून घ्या.

आता व्हॉट्सॲप. ग्रुप काढला, २३० सभासद आले, आणि तिसऱ्या दिवसापासून गुलाबाची फुलं नि शुभ सकाळ सुरू. मग मी एक गाढवपणा केला, पुस्तकं परत न केलेल्यांची यादी नावासकट ग्रुपवर टाकली. एक निवृत्त सर दुसऱ्या दिवशी पुस्तकं टेबलावर आपटून अनामत परत घेऊन गेले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. कोण काय वाचतं, कोणाकडे किती दिवस आहे हे चारचौघांत सांगायचं नसतं हे मला शिकवलेलं होतं, पण मोबाईल हातात आला की विसरायला होतं. नंतर घरी जाऊन माफी मागितली. चहा दिला त्यांनी, परत सभासद काही झाले नाहीत.

मग ग्रुपवर फक्त मीच टाकणार असं केलं. नवीन पुस्तकांचे फोटो, पोस्टर, लेखकांच्या जयंत्या, सगळं टाकून बघितलं, लोक अंगठा दाखवून मोकळे. एकदा काका रजेवर होते, परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर तशीच पडलेली, मी वैतागून त्याचाच फोटो टाकला की आज एवढी आलीत, लावायची राहिलीत. अर्ध्या तासात अकरा मेसेज! वरून तिसरं निळं ठेवा, ते जाड कोणाचं आहे हो. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता ट्रॉलीचा फोटो. कोणीतरी नेऊन वाचून परत आणलंय म्हणजे बरं असणार, हा त्यामागचा हिशोब असावा. नवीन कोरं पुस्तक बिचारं कपाटात बसून राहतं. नेणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, हा नियम आता पक्का.

रीलवालं ॲप पण केलं, २३ रील. कपाटातली कसर झाडतानाची एक रील ४० हजार लोकांनी बघितली म्हणे, त्यातले काही विचारत होते घरपोच देता का. प्रत्यक्ष सभासद झाली एकच, शेजारच्या गावातली स्पर्धा परीक्षा देणारी मुलगी, ती मात्र रोज अभ्यासिकेत असते, त्यामुळे रील वाया गेल्या असं म्हणवत नाही. पण एका रीलला दीड तास जातो, तेवढ्यात माझ्या २० नोंदी होतात. आता फक्त मराठी भाषा दिनाला आणि वाचन प्रेरणा दिनाला करते.

पीडीएफ मागणारे सगळीकडे भेटतात. त्यांना सांगते, लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० ला गेले, त्यांचं लिखाण २०११ पासून खुलं आहे, ते विकिस्रोतासारख्या मोफत पुस्तकांच्या वेबसाइटवर बघा, कालपरवाच्या कादंबरीची चोरीची फाइल माझ्याकडे मागू नका.

दिवाळी अंकांची पसंती गुगल फॉर्मवर घेतली, छान झालं, आजोबांचे फॉर्म नातवंडांनी भरले.

एक त्रास राहिलाय. नंबर माझा स्वतःचा दिला होता, रात्री साडेदहाला फोन, मॅडम ते निळं अजून आहे का. मग वेगळं सिम घेतलं, त्याच्या रिचार्जचं व्हाउचर तीन मीटिंगा फिरतंय.

कोणी कोहा टाकणार असाल तर पहिल्या १०० नोंदी झाल्या की थांबा, सभासदांपैकी कोणालातरी कीबोर्डवर बसवा आणि तीच पुस्तकं त्यांच्या पद्धतीने शोधायला सांगा. सापडली तरच पुढे जा. आमची अजून ९ हजारांच्या आसपास उरलीत.