खानापूरच्या डोंगरांसाठी सी-बँड की एल-बँड?

उपग्रहाच्या रडारने जमिनीची हालचाल मोजायची, तर आधी बँड, म्हणजे रडार-तरंगाची लांबी, निवडावा लागतो. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीकडच्या मोकळ्या रानासाठी सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाचा सी-बँड पुरतो. तरंगलांबी सुमारे ५.६ सेमी, म्हणजे इंटरफेरोग्राममधला (दोन वेळच्या रडार चित्रांच्या फरकातून बनणाऱ्या चित्रातला) एक रंगपट्टा उपग्रहाच्या दिशेने २.८ सेमी हालचाल दाखवतो. डेटा फुकट. उसाचे फड तेवढे गाळा, वाढत्या पिकात कोहेरन्स, म्हणजे दोन चित्रांतला मेळ, टिकत नाही.

खानापूर ओलांडून जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे वळलात की गणित बदलतं. सी-बँडचा तरंग बहुतेक वरच्या पानांवरूनच परततो. पानं हलतात, वाढतात, गळतात. १२ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या चित्रांच्या जोडीतही फेज (तरंगाच्या चक्रातली स्थिती) विस्कटते आणि ती उलगडताना, म्हणजे पट्टे जोडून सलग हालचाल काढताना, खोट्या उड्या येतात. फिल्टर कितीही लावा, हरवलेली माहिती परत येत नाही. इथे सुमारे २४ सेमीचा एल-बँडच हवा, कारण तो पानांतून खाली फांद्या, खोड आणि जमिनीपर्यंत पोचतो. ३० जुलै २०२५ला श्रीहरिकोट्याहून सुटलेला निसार हा नासा-इस्रोचा रडार उपग्रह म्हणूनच आपल्या घाटांसाठी मोलाचा. मात्र एल-बँडचा एक रंगपट्टा १२ सेमी हालचालीचा, आणि आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचा) त्रासही जास्त. ती दुरुस्ती टाळू नका.

लेओव्हर मात्र बँड बदलून जात नाही. रडारकडे तोंड केलेला उतार आपतन कोनापेक्षा (रडारचा किरण उभ्या रेषेशी करतो त्या कोनापेक्षा) तीव्र असला की माथा पायथ्याच्या अलीकडे उमटतो. त्यासाठी चढत्या आणि उतरत्या, दोन्ही कक्षांची चित्रं घ्या. जोड्या शक्यतो पावसाळ्याबाहेरच्या निवडा. हवेतल्या बाष्पामुळे तरंगाला होणारा विलंब दोन्ही बँडना सारखाच बाधतो.